सांधा दिसता कामा नये

वसंतराव बागूल एकदा सुरतेत पर्वत पाटियाच्या चौकात चालत्या रिक्षातून पडले होते. गुडघा फुटला, टाके पडले, पण महिन्याभरात सगळं भरून आलं. आठवीत असताना उषाबाईंनी त्यांना जे एक वाक्य ऐकवलं होतं, ते मात्र पन्नाशी उलटली तरी भरून येईना.

तेव्हा ते नुसतेच वसंता होते आणि लिंबायतकडच्या मराठी शाळेत शिकत होते. बाईंनी निबंध दिला होता, 'आमच्या घरची कानबाई'. कानबाई म्हणजे खान्देशी घरांत श्रावणात बसते ती देवी. वसंताने जीव ओतून लिहिला. एका परिच्छेदात कानबाईची स्थापना, दुसऱ्यात मामांची नवी सायकल, तिसऱ्यात श्रावणातला निसर्ग. बाईंनी तो सगळ्या वर्गापुढे वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "वसंत, परिच्छेद चांगले आहेत रे तुझे. पण एकमेकांशी बोलत नाहीत. एका घरातल्या रुसलेल्या जावा जशा! अरे, एका परिच्छेदाचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा असतो. सांधा हवाच, पण तो दिसता कामा नये." सगळा वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरचा एकजण तर उगाचच जास्त हसला, कारण त्याने निबंध लिहिलाच नव्हता.

त्या दिवसापासून वसंतरावांनी सांध्यांचा ध्यास घेतला. पुढे ते एका सहकारी बँकेत अधिकारी झाले आणि कर्ज नाकारण्याची पत्रं लिहू लागले. ती पत्रं इतकी सफाईदार असत, की एका परिच्छेदातून दुसऱ्यात घसरत घसरत माणूस शेवटपर्यंत जाई आणि आपल्याला कर्ज नाकारलंय हे त्याच्या लक्षातच येत नसे. एक गृहस्थ तर पेढे घेऊन आले होते. घरीही तीच तऱ्हा. जेवताना भाजी संपली की ते म्हणत, "भेंडी छान झाली. भेंडीवरून आठवलं, हिरव्या गोष्टींना पाणी लागतंच, आणि पाण्याचा विषय निघालाच आहे तर..."

"अहो, पाणी हवंय ना? मग पाणी मागा," त्यांची बायको उज्ज्वला म्हणे. "कशावरून आठवलं ते नंतर सांगा."

तर अशा या वसंतरावांच्या कानावर एके दिवशी बातमी आली, की उषाबाई सुरत सोडून कायमच्या जळगावला लेकीकडे चालल्या. पर्वत पाटियापासून गोडादऱ्यापर्यंत जो कुणी मराठीत सही करतो, तो बाईंच्या हाताखालून गेलेला. साहजिकच खान्देश मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. आता आपल्याकडे सत्कार म्हटला की शाल आली, नारळ आला आणि मानपत्र आलं. शाल आणि नारळ बाजारात मिळतात. मानपत्रासाठी मंडळाने वसंतरावांना धरलं.

वसंतरावांना झालेला आनंद काय वर्णावा! त्यांनी मनाशी पक्कं केलं, की मानपत्र आपण लिहायचं, व्यासपीठावर बाईंसमोर आपणच वाचायचं आणि बाईंच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "जमलं रे तुला" असं ऐकायचं. बाई एकदा जळगावला गेल्या की मग कसलं ऐकायला मिळतंय? ही शेवटची परीक्षा होती, आणि नापास झाल्यास पुन्हा बसायची सोय नव्हती.

रविवारी सकाळी बसून त्यांनी मानपत्र लिहिलं. खरं सांगायचं तर उत्तम लिहिलं. प्रत्येक परिच्छेदाचा शेवट पुढच्याचं बोट धरून त्याला आत घेऊन येई. उज्ज्वला मेथी निवडत ऐकत होती. वाचून झाल्यावर पानं एकत्र ठेवायला घरात टाचणी सापडेना, तेव्हा तिने बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. तिच्या बांगड्यांत कायम दोन-चार पिना असतातच. तिच्या मते संसार त्यांच्यावरच उभा आहे.

"छान झालंय हो," ती म्हणाली. "पण यात वाल्मिकअण्णा कुठे आहेत?"

"मानपत्र बाईंचं आहे. अण्णांचं काय काम?"

"आणि योगराजभाऊ? सरलाबाई?"

"अगं, बाईंचा सत्कार आहे!"

"म्हणूनच विचारते," उज्ज्वला म्हणाली आणि मेथीच्या काड्या उचलून आत गेली. बायकांना हे असं आधी कसं कळतं देव जाणे. वसंतरावांना ते संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी वाल्मिकअण्णा आले. हे मंडळाचे अध्यक्ष. यांचा गोडादऱ्याला लूमचा कारखाना. धुळ्याकडून आले तेव्हा दुसऱ्याच्या लूमवर उभे राहायचे, आता स्वतःच्या लूमपुढे खुर्ची टाकून बसतात. चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "वसंता, माले काहीच नको रे भो. नाव नको, फोटो नको. फक्त एक परिच्छेद दी दे, आनि तो पहिला पायजे." परिच्छेद ते खिशात घेऊनच आले होते. त्यात म्हटलं होतं की बाईंनी जशी माणसं घडवली तसं वाल्मिक टेक्स्टाईलने कापड घडवलं, आणि दोन्ही धुतल्यावर आटत नाहीत.

अण्णा जिना उतरतात न उतरतात तोच सेक्रेटरी योगराज चढले. हे विम्याचे एजंट. जिन्यात दोघं समोरासमोर आले असणार, पण बोलण्याचा आवाज काही आला नाही. कारण मागच्या श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीत योगराजांचा ट्रॅक्टर अण्णांच्या टेम्पोच्या पुढे घुसला होता, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. मंडळाच्या सभेत अध्यक्ष छताकडे बघून बोलत आणि सेक्रेटरी भिंतीकडे बघून लिहून घेत. योगराजांच्या परिच्छेदाची सुरुवात होती, 'जीवन क्षणभंगुर आहे.' सत्काराला! पुढे बाईंच्या दीर्घायुष्याची इच्छा होती, पण ती सर्व अटी लागू करून.

तिसऱ्या सरलाबाई, महिला आघाडीच्या प्रमुख. त्याच मिरवणुकीत बायकांना माइक मिळाला नव्हता, म्हणून त्या अण्णा आणि योगराज दोघांशीही बोलत नसत. त्यांच्या परिच्छेदात बाईंच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीचं वर्णन होतं. वर्णन करता करता त्यांचा हात असा काही मोकळा झाला होता, की मध्यापासून ती सरळ चटणीची कृतीच झाली होती.

वसंतरावांनी स्वतःचा मजकूर कापत कापत आणला आणि सुरुवातीच्या चार ओळींवर ठेवला. आता प्रश्न आला सांध्यांचा. कापडाकडून विम्याकडे, ठीक आहे, जाता येतं. पण मरणाकडून चटणीकडे कसं जायचं?

त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी तेजस्विनी सोफ्यावर लोळत होती. ती म्हणाली, "पप्पा, एमां शुं टेन्शन? मोबाईलला सांगा ना." तिने तिन्ही परिच्छेद मोबाईलला घातले आणि मोबाईलने डोळ्याचं पातं लवायच्या आत सांधा काढून दिला. 'जीवन क्षणभंगुर आहे. या चविष्ट वळणावर आता आपण चटणीकडे वळू या.'

वसंतरावांनी मोबाईल पालथा ठेवला. तीन दिवस ते बँकेत जाता-येता, अंघोळ करताना, सह्या करताना मरण आणि चटणी, मरण आणि चटणी असं पुटपुटत राहिले. कॅशियरने त्यांना सुट्टी घ्यायचा सल्ला दिला. आणि चौथ्या दिवशी दाढी करताना वाक्य आलं. 'माणूस निघून जातो, पण त्याच्या हातची चव मागे राहते.' वसंतराव तसेच फेस लावलेल्या गालांनी स्वयंपाकघरात गेले आणि उज्ज्वलाला वाक्य म्हणून दाखवलं. ती हसायच्या तयारीत होती, पण हसली नाही. तिला तिची आई आठवली. "हे मात्र फार छान आहे हो," ती म्हणाली.

झालं, एवढ्यावर थांबलं असतं तर ही कथा इथेच संपली असती. पण मंडळात ठराव होता, की मजकूर कार्यकारिणीने ऐकून मंजूर करायचा. त्याप्रमाणे अण्णांच्या ऑफिसात सभा भरली. मध्ये नाश्त्याला गरम सुरती लोचो ठेवला होता, वरून तेल आणि शेव. वसंतरावांनी वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच सांध्याला अण्णांनी चमचा खाली ठेवला.

"थांब," अण्णा छताकडे बघून म्हणाले. "मन्हा परिच्छेदनी शेपटी धरीसन तो कसाले येस?"

"अण्णा, तो सांधा आहे. परिच्छेद जोडले आहेत."

"कोणी सांगितलं जोडायला?" योगराज भिंतीकडे बघून म्हणाले. "वसंतभाऊ, मला कुणाच्या कापडाचा आधार नको. माझा परिच्छेद स्वतंत्र उभा राहील."

"आणि माझ्या चटणीच्या तोंडाशी मरण कशाला?" सरलाबाई म्हणाल्या. "अपशकुन!"

वसंतरावांचे कान तापले. त्यांनी सांध्याची बाजू मांडली, निबंधशास्त्र समजावलं, बाईंचंच वाक्य बाईंच्याच विद्यार्थ्यांना ऐकवलं. तोवर लोचो गार झाला. शेवटी योगराजांनी भिंतीला तोडगा सुचवला, की सांधे ठेवायचे, पण बारीक अक्षरात ठेवायचे, आणि दोन्ही बाजूंनी वेलबुट्टी काढायची, म्हणजे ते कुणाच्या परिच्छेदाला शिवणार नाहीत. सांधा आणि शिवायचा नाही! वसंतरावांनी हा अपमान लोचोच्या एका गार घासाबरोबर गिळला. वाक्यं राहिली होती ना, मग झालं. बाईंच्या कानावर ती पडणार होती.

आणि मग अण्णांना ती कल्पना सुचली. "मानपत्र काचेत कसाले घालतस? काच जळगावला जाताना फुटेल, नाहीतर माळ्यावर धूळ खाईल. आपण सुरतवाले ना? साडीवर छापा! बाई नेसतील, मानपत्र अंगावर मिरवतील."

सगळ्यांच्या टाळ्या पडल्या. आता बघा, जगात दुसऱ्या कुठल्याही गावात हे ऐकून लोकांनी अध्यक्ष बदलला असता. पण सुरतेत जन्माला आलेलं मूलसुद्धा साडीत गुंडाळलं जातं, साडीच्या खोक्यावर बसून अभ्यास करतं आणि साडीच्या पार्सलावर झोपतं. इथे साडीवर काही छापायचं म्हटलं की कुणाला नवल वाटत नाही. वसंतरावांनाही त्या भरात ते बरोबरच वाटलं. पदरावर मंडळाचं नाव आणि बाईंचं नाव, बाकी अंगभर मजकूर.

"पन मन्हा परिच्छेद पहिला," अण्णा म्हणाले. "जठे साडी सुरू होस तठे."

"मग माझा मधोमध," योगराज म्हणाले. "मध्यभागी नजर जाते."

"मला काय, मी बाईमाणूस," सरलाबाई एकदम मऊ आवाजात म्हणाल्या. "मला शेवटी टाका. पदराच्या जवळ कुठेतरी."

उज्ज्वलाला हे रात्रीच्या जेवणाला कळलं तेव्हा तिला असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. काय झालं ते मात्र तिने सांगितलं नाही. "होऊ द्या," एवढंच म्हणाली.

छपाईचं काम हिलालकडे गेलं. हिलाल म्हणजे अण्णांच्या गावचाच, पर्वत पाटियाजवळ त्याचा साड्या छापायचा कारखाना. वसंतराव स्वतः मजकूर घेऊन गेले, प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून म्हणाले, "हिलालभाऊ, ही बारीक अक्षरं म्हणजे सगळ्या मजकुराचा जीव आहे." हिलालने मान डोलावली. त्याच्यामागे यंत्रातून गुलाबी कापड वाहत होतं, आणि त्या आवाजात त्याला काय ऐकू गेलं हा संशोधनाचा विषय आहे.

इकडे हॉल घ्यायला योगराज गेले होते. हॉलच्या ऑफिसातला कारकून अर्ज उलटसुलट करून म्हणाला, "आमां सन्मान-बन्माननुं खानुं नथी. लग्न छे, बेसणुं छे, ने अन्य छे." छापील अर्जात सत्काराचा रकानाच नव्हता, आणि 'अन्य'साठी तीन ठिकाणचे दाखले लागत होते. कारकुनाला दया आली. म्हणाला, "बेसणुं लखी दो ने, तरत मळी जशे." बेसणुं म्हणजे माणूस गेल्यावर लोक सांत्वनाला येऊन बसतात ती बैठक. योगराजांनी लिहून दिलं. त्यांच्या धंद्यात त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी वसंतराव इस्त्रीचा सदरा घालून हॉलवर पोचले, तर दारातल्या पाटीवर खडूने लिहिलं होतं, 'बेसणुं: उषाबाई'. आत हॉलच्या माणसाने पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. पांढऱ्या कपड्यातले दोन अनोळखी गृहस्थ हात जोडून बसले होते. ते थोडा वेळ बसले, मान हलवत उठले, नाश्त्याची डिश घेतली आणि गेले. वसंतराव ओल्या रुमालाने पाटी पुसतच होते, तेवढ्यात रिक्षातून बाई उतरल्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण पाठ ताठ आणि चष्मा तोच, कपाळावर सरकवलेला. त्यांनी पाटी वाचली.

"माझंच का रे हे?"

"बाई, चुकून... कारकून..."

"अक्षर चांगलं आहे," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

भाषणं झाली. शाल झाली, नारळ झाला. मग साडीचं खोकं उघडलं. खोकं हिलालकडून थेट हॉलवर आलं होतं, रेशमी फीत बांधून. साडीचं एक टोक उज्ज्वलाने धरलं, दुसरं तेजस्विनीने, आणि व्यासपीठभर ती गुलाबी साडी पसरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. वसंतराव माइक घेऊन पुढे आले. साडी लांब असल्यामुळे त्यांना चालत चालत वाचायचं होतं. त्यांनी सुरुवात शोधली. त्यांच्या चार ओळी तिथे नव्हत्या. साडी थेट वाल्मिक टेक्स्टाईलपासून सुरू होत होती.

त्यांना वाटलं, ठीक आहे, ओळी गेल्या तर गेल्या. त्यांनी अण्णांचा परिच्छेद वाचला, दोन पावलं पुढे सरकले आणि बारीक अक्षरं शोधू लागले. वेलबुट्टी होती. वेलबुट्टीच्या पलीकडे आणखी वेलबुट्टी होती. त्यापुढे थेट 'जीवन क्षणभंगुर आहे.' सांधा नव्हता. ते पुढे धावले, मरण आणि चटणी यांच्यामधल्या जागेकडे. तिथे एक फूल होतं.

समोर पहिल्या रांगेत हिलाल बसला होता. वसंतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून उभाच राहिला. "साहेब, कापड पुरेना," तो म्हणाला. "रोज कुणीतरी फोन करून दोन वाक्यं वाढवायचं. मग मी सगळ्यांना विचारलं, काय कापू? अण्णा म्हणाले माझं नको. योगराजभाऊ म्हणाले माझं नको. सरलाबाई तर ओरडल्याच. तुम्हाला फोन केला, तर तुमचा बंद."

बंद होताच. बँकेत ऑडिट चालू होतं.

"मग जे कुणाचंच नव्हतं," हिलाल म्हणाला, "ते कापलं."

वसंतराव व्यासपीठावर उभे राहिले. वाक्यं त्यांना पाठ होती, झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवली असती. पण त्या घटकेला एकही आठवेना. समोर बाई बसल्या होत्या, आणि बाईंच्या समोर तीन परिच्छेद तीन दिशांना तोंड करून लटकत होते. आठवीचा तो वर्ग पुन्हा भरला होता. फक्त आता वसंताचे केस पिकले होते आणि त्याच्या हातात माइक होता. त्यांना खरोखर रडू यायला लागलं.

"वसंत," बाई म्हणाल्या, "साडी इकडे आण. साडी काय वाचतोस असा चालत? साडी नेसायची असते."

बाई उठल्या, अंगावरच्या साडीवरूनच त्यांनी ती साडी गुंडाळायला घेतली. अण्णांचा परिच्छेद कमरेला खोचला, एक वेढा दिला, आणि दुसऱ्या वेढ्याच्या तयारीने कापड हातात घेतलं.

वाल्मिकअण्णा खुर्चीतून ताडकन उठले. "अरे! मन्हा परिच्छेद कोठे ग्या?"

"आत!" योगराज ओरडले, आणि त्यांना असं हसू फुटलं की आवरेना. "अण्णा, तुमचा पहिला परिच्छेद कमरेला खोचला गेला! साडी सुरू होते तिथेच!"

"तू काय हसस? तो बघ, तुन्हा विमा निऱ्यांमधी चालना!"

आणि खरंच, बाई सराईत बोटांनी भराभर निऱ्या घालत होत्या आणि योगराजांचं क्षणभंगुर जीवन चुण्या होऊन त्यांच्या मुठीत जात होतं. योगराजांचं हसू मावळलं. दोघांनी एकदमच सरलाबाईंकडे पाहिलं. सरलाबाईंची चटणी बाईंच्या छातीवरून खांद्यापर्यंत डौलाने चढणार होती, हे आता आंधळ्यालाही दिसत होतं.

"तुम्हाले माहीत होतं!" अण्णा म्हणाले.

"माहीत म्हणजे? मी साडी नेसते," सरलाबाई कडाडल्या. "जन्मभर साड्या विणल्या तुम्ही अण्णा. घरात बायको साडी कशी नेसते ते एकदा तरी बघितलं असतं!"

"आधी त्या दिवशी माइक कोणी दिला नाही ते विचारा यांना," योगराज म्हणाले.

"माइक तुन्हा ट्रॅक्टरवर होता!"

"ट्रॅक्टर पुढे घातलाच नव्हता मी अण्णा, त्याचा ब्रेक लागत नव्हता! सांगायला आलो होतो, तुम्ही तोंड फिरवलं!"

"मंग फोन का करा नही?"

सगळा हॉल कान टवकारून ऐकू लागला. अध्यक्ष छताकडे बघत नव्हते आणि सेक्रेटरी भिंतीकडे बघत नव्हते. मागच्या श्रावणानंतर पहिल्यांदाच दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत होते, आणि मध्ये सरलाबाई उभ्या राहून दोघांनाही झापत होत्या.

बाईंनी मुठीतल्या निऱ्या पंख्यासारख्या जराशा उलगडल्या, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि निऱ्यांच्या कडांवर जे जे दिसत होतं ते सलग वाचलं. "जीवन क्षणभंगुर आहे... कुटुंबाच्या भवितव्यासाठी... लसूण सढळ हाताने घालून... खरपूस परतावे."

हॉल असा फुटला की हॉलचा माणूस धावत आला. बेसणुं चालू असताना एवढं हसणं त्याने नोकरीत पाहिलं नव्हतं. बाईंनी हसून हसून डोळे पुसले.

"वसंत, मधली वाक्यं होती ना रे? तू लिहिल्याशिवाय राहणार नाहीस."

"होती बाई," वसंतराव कसंबसं म्हणाले. "कापली. जागा नव्हती. परिच्छेद पुन्हा... पुन्हा बोलत नाहीत एकमेकांशी."

बाईंनी त्या तिघांकडे मान वळवली. तिथे विषय आता ट्रॅक्टरवरून हलला होता. बाईंना स्टेशनवर कुणी पोचवायचं यावर जुंपली होती. अण्णा म्हणत होते माझी गाडी, योगराज म्हणत होते माझी, आणि सरलाबाई म्हणत होत्या की चटणीचा डबा कोणाच्याही गाडीत असो, मांडीवर माझ्याच असेल.

"बोलताहेत की!" बाई म्हणाल्या.

"भांडताहेत, बाई."

"मग? न बोलता कुणी भांडलंय का कधी?" बाईंनी निऱ्यांची मूठ पुढे केली. "बरं, हे धर. माझी बोटं आता फार वेळ धरत नाहीत. सुटले तर सगळे पुन्हा आपापल्या वाटेला जातील. पिन आहे का कुणाकडे?"

उज्ज्वलाने बांगडीतली सेफ्टी पिन काढून वसंतरावांच्या हातात ठेवली. वसंतराव गुडघ्यावर बसले, तोच तो फुटलेला गुडघा. निऱ्या कडेला कड लावून नीट जुळवल्या. एकात विमा होता, एकात चटणी होती, आणि अगदी आतल्या चुणीत अण्णांच्या परिच्छेदाचं टोकही आलेलं होतं.

"आतून लाव," बाई वरून म्हणाल्या. "दिसता कामा नये."

वसंतरावांनी आतून पिन घातली. निऱ्या जाड होत्या, पिन आडवी गेली, सरळ अंगठ्यात घुसली. पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. पुन्हा घातली, लावली, बंद केली आणि हात काढून घेतले. निऱ्या तशाच राहिल्या.

बाईंनी खाली वाकून पाहिलं. निऱ्या उजवीकडून पाहिल्या, डावीकडून पाहिल्या, बोटाने चाचपल्या. व्याकरणाची चूक शोधताना बघायच्या तसं अगदी बारकाईने बघितलं.

"नाही हं दिसत," त्या म्हणाल्या. "जमलं रे तुला."

वसंतरावांनी या प्रसंगासाठी कित्येक वर्षांपासून एक उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं तीन परिच्छेदांचं होतं, आणि प्रत्येक परिच्छेद पुढच्याशी बोलत होता. पण अंगठ्यातून रक्त येत होतं आणि तो त्यांनी तोंडात धरला होता, त्यामुळे ते नुसतीच मान हलवत बसून राहिले.